निरपराध सेन्सर

गेलीं सव्वीस वर्षें मी या शाळेंत विज्ञान शिकवीत आहें. कार्यावरून कारणाकडे कसें जावें, हें मुलांस समजावून सांगण्यांत माझें निम्में आयुष्य गेलें, असें म्हटलें तरी चालेल. परंतु जें आपण दुसऱ्यांस शिकवितों तें आपल्या स्वतःच्या अंगीं मुरलेलें असतेंच, असें मात्र नाहीं. गेल्या पावसाळ्यांत माझ्या जुन्या मोटारीनें ही गोष्ट मला चांगलीच पटवून दिली. तो धडा एकट्या मोटारवाल्यांच्याच उपयोगाचा नाहीं, म्हणून आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढें तो जसा घडला तसा मांडीत आहें.

माझी मोटार चौदा वर्षांची आहे. आमचें मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यांत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. मे महिन्याची सुटी असो कीं दिवाळी असो, कोल्हापुराहून आंबा घाट उतरून आम्ही गांवीं जातों, आणि मोटार आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस अंगणांत खाऱ्या वाऱ्यांत उभी असते. ही गोष्ट पुढें महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून येथेंच सांगून ठेवितों.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत आम्ही गांवाहून परत येत होतों. साखरपें मागें टाकून घाट चढलों, आंबें गांवहि गेलें, आणि मलकापुराच्या अलीकडे पावसाची एक मोठी सर आली, तोंच समोर एक पिवळा दिवा लागला. त्यांत ए. बी. एस. हीं तीन इंग्रजी अक्षरें होतीं. आमच्या सौभाग्यवतींनीं तो माझ्या आधीं पाहिला. त्या म्हणाल्या, "हा दिवा कांहींतरी सांगतो आहे." मीं उत्तर दिलें, "घरीं गेल्यावर पाहूं." दिव्याकडे डोळेझांक करण्याची ही युक्ति बहुतेक सर्व मोटारवाल्यांस अवगत असते.

हा दिवा कशाचा, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सायकल चालविणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असेल कीं, ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबला म्हणजे चाक फिरावयाचें थांबतें, पण सायकल थांबत नाहीं. ती घसरत जाते, आणि हँडल वळविलें तरी वळत नाहीं. चाक फिरत आहे तोंपर्यंतच तें आपल्या आज्ञेंत असतें. एकदां जखडलें कीं तें नुसतें घसरणारें रबर होऊन बसतें. मोटारीचेंहि तसेंच आहे. म्हणून तिच्या प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर बसविलेला असतो. चाक किती वेगानें फिरत आहे, याची वर्दी तो एका लहानशा संगणकास क्षणोक्षणीं देतो. एखादें चाक इतर तिघांहून एकाएकीं फार मंदावलें, म्हणजे तें आतां जखडणार असें संगणक ताडतो, आणि त्या चाकाच्या ब्रेकमधील तेलाचा दाब क्षणभर सोडतो, पुन्हां वाढवितो, पुन्हां सोडतो. हें एका सेकंदांत अनेक वेळां चालतें, आणि त्याची थरथर पेडलवरील पावलास जाणवते. विमानांच्या चाकांसाठीं अशी योजना विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारांत आली; मोटारींत ती संगणकासह १९७८ सालीं बॉश कंपनीनें मर्सिडीझ-बेंझच्या गाडीसाठीं आणिली. आपल्या देशांत १२५ घन सेंटिमीटरांहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकींस ती सक्तीची झाली. नव्या नमुन्यांस १ एप्रिल २०१८ पासून, आणि विकल्या जाणाऱ्या सर्वच नमुन्यांस १ एप्रिल २०१९ पासून. तेव्हां कित्येक वाचकांच्या घरच्या दुचाकींतहि हा सेन्सर आज असेल.

पिवळा दिवा लागला म्हणजे ब्रेक गेले, असें समजूं नये. साधे ब्रेक चालूच असतात; फक्त ही योजना संगणकानें आपण होऊन बंद ठेविलेली असते. मात्र पिवळ्याबरोबर ब्रेकचा तांबडा दिवाहि लागला, तर गाडी सुरक्षित जागीं थांबवावी, ब्रेकचें तेल पाहावें, आणि पुढें जाऊं नये.

कोल्हापुरास पोहोंचल्यावर दुसऱ्या दिवशीं मीं मोटार एका गॅरेजांत नेली. तेथील माणसानें स्कॅनर जोडला. त्यावर अक्षरें उमटलीं. त्यांचा भावार्थ, 'पुढील डावें चाक, सेन्सरची वर्दी सदोष' असा होता. "सेन्सर गेला," तो म्हणाला. निदान पुरें होण्यास दोन मिनिटेंहि लागलीं नाहींत. नवा सेन्सर बसला, मीं बत्तीसशें रुपये मोजले, दिवा विझला. मला त्या झपाट्याचें कौतुकच वाटलें. जुना सेन्सर त्यानें कागदांत गुंडाळून माझ्या हातीं दिला. तो मीं शाळेच्या प्रयोगशाळेंतील कपाटांत टाकला. कारण विज्ञानशिक्षकाच्या हातून मोडकी वस्तु सहसा फेंकली जात नाहीं.

बारा दिवस दिवा लागला नाहीं. तेराव्या दिवशीं पावसानें उघडीप दिली होती आणि रस्ता कोरडा होता. शाळेच्या फाटकाशीं मुलांची गर्दी असल्यामुळें मी बैलगाडीच्या चालीनें येत होतों. पांचवींतील एक मुलगी, पाठीवरचें दप्तर सांवरीत, मैत्रिणीस हांक मारण्याच्या नादांत मोटारीपुढें आली. अंतर पुरेसें होतें. मीं नेहमींप्रमाणें ब्रेक दाबला. आणि पेडल माझ्या पावलाखालीं थरथरलें, जणुं आंतून कोणी तें मागें लोटीत होतें. जेथें थांबावयाची तेथें न थांबतां मोटार हातभर पुढें सरकली, आणि मग थांबली. मुलीच्या दप्तराचा पट्टा बॉनेटला घांसून गेला. ती दचकली, माझ्याकडे पाहून "सॉरी सर" म्हणाली, आणि पळाली.

तिनें क्षमा मागितली. आणि चूक माझ्या मोटारीची होती! त्या दिवशीं पहिल्या तासाला मीं काय शिकविलें तें मला आठवत नाहीं. एवढेंच आठवतें कीं, खडू हातांत धरतांना बोटें स्थिर नव्हतीं. एक गोष्ट मला कांहीं केल्या उलगडेना. घाटावर दिवा लागला तेव्हां मोटार नीट थांबत होती. आणि फाटकाशीं ती नीट थांबली नाहीं तेव्हां दिवा गप्प होता.

मधल्या सुटींत मीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास दूरध्वनि केला. दहावींत त्याला विज्ञानांत जेमतेम पास होण्यापुरते गुण मिळाले होते. पुढें त्यानें आय. टी. आय. मध्यें मोटार दुरुस्तीचें शिक्षण घेतलें, आणि आतां गांवाबाहेर त्याचें स्वतःचें लहानसें गॅरेज आहे. माझी हकीकत ऐकून तो म्हणाला, "सर, गाडी माझ्याकडे आणूं नका. चालवूंच नका. मीच येतों." मोटार शाळेच्या आवारांत उभी राहिली, आणि शनिवारीं दुपारीं शाळा सुटल्यावर तो आपल्या पेटीसह आला. घरीं जावयास निघालेलीं दहाबारा मुलें कुतूहलानें तेथेंच थबकलीं.

त्यानें पेटी लगेच उघडली नाहीं. आधीं प्रश्न विचारले. "सर, थरथर वेगांत असतांना होते, कीं थांबतां थांबतां? रस्ता ओला होता, कीं कोरडा? दिवा पहिल्यानें लागला तेव्हां गाडी नुकतीच सुरू केली होती, कीं बराच वेळ चालली होती? टायर, बेअरिंग, आंस, यांपैकीं अलीकडे कांहीं बदललें काय? गाडी एरव्हीं कोठें उभी असते?" एखाद्या जाणत्या वैद्यानें रोग्याची नाडी धरण्यापूर्वीं त्याच्याशीं बोलावें, तसें तें चाललें होतें. उत्तरें तो एका मळकट वहींत लिहून घेत होता. वर्गांत हाच मुलगा टिपण घेत नसे!

मग त्यानें स्कॅनर जोडून तो माझ्या हातांत दिला. त्यावर चारी चाकांचे वेग चार आंकड्यांनीं दिसत होते. रिकाम्या क्रीडांगणावर त्यानें मोटार अगदीं सावकाश चालविली, आणि मी आंकडे पाहत राहिलों. तीन आंकडे हातांत हात घालून चालणाऱ्या भावंडांसारखे एकसारखे होते. चौथा, पुढील डाव्या चाकाचा, मधूनच गचकन खालीं येई आणि पुन्हां इतरांस गांठी. तिसऱ्या फेरींत दिवा लागला. स्कॅनरनें तीच जुनी अक्षरें पुन्हां दाखविलीं. सेन्सर नवा, आणि तक्रार तीच!

मी म्हणालों, "म्हणजे नवा सेन्सरहि खराब निघाला?"

तो हंसला. "सर, हें यंत्र चोर कोण तें सांगत नाहीं, चोरी कोणत्या गल्लींत झाली तेवढेंच सांगतें. डाव्या चाकाची वर्दी नीट येत नाहीं, इतकाच याचा अर्थ. त्या गल्लींत पांच जण राहतात. एक सेन्सर, दुसरी त्याची तार, तिसरा तारेचा जोड, चौथी सेन्सरसमोर फिरणारी दांत्यांची रिंग, आणि पांचवें चाकाचें बेअरिंग. तोंडओळख सेन्सरची, म्हणून शिक्षाहि सेन्सरलाच द्यावयाची काय?"

त्यानें नोंद आधीं वहींत उतरून घेतली, आणि मगच ती यंत्रांतून पुसली. मुलांकडे वळून तो म्हणाला, "लिहून न घेतां पुसणें म्हणजे साक्षीदाराची जबानी फाडून टाकणें." हें वाक्य मीं त्याला शिकविलेलें नव्हतें.

चाकामागें दगड लावून, मोटार जॅकवर उचलून आणि खालीं पोलादी घोडे देऊन त्यानें एकेकाची तपासणी सुरू केली. (नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणींहि जाऊं नये, ही सूचना त्यानें मुलांस तीन वेळां दिली, आणि मीहि ती येथें पुन्हां देतों.) तारेचा जोड सोडून पाहिला. आंतील पितळी टोंकें स्वच्छ होतीं. पाणी शिरल्यास तेथें जी हिरवी बुरशी धरते ती नव्हती. मल्टिमीटरनें सेन्सरचा रोध मोजला. तो अकराशें ओहमच्या आसपास भरला. उजव्या चाकाचाहि तितकाच भरला. निरोगी भावाशेजारीं संशयिताला उभें करावें, म्हणजे मापाचें पुस्तक जवळ नसलें तरी अडत नाहीं. येथें त्यानें एक इशारा दिला. आमच्या मोटारीचा सेन्सर जुन्या धर्तीचा, म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेलें तारेचें वेटोळें, आहे. म्हणून त्याचा रोध मोजतां येतो. नव्या मोटारींच्या सेन्सरमध्यें स्वतःचें इलेक्ट्रॉनिक मंडळ असतें, तें बाहेरून वीज घेतें, आणि दांते सरकतील तसा त्याचा प्रवाह सुमारें ७ व १४ मिलिअँपिअर यांमध्यें बदलतो. त्याला रोधमापक लावून कांहीं कळत नाहीं, उलट इजा होण्याचा संभव असतो.

मल्टिमीटर जोडलेला ठेवून त्यानें तार ठिकठिकाणीं वांकविली. चाक वळतें तेव्हां ही तारहि वळते, आणि वर्षानुवर्षांच्या वळण्यानें वरचें रबर शाबूत असतांहि आंतील तांबें तुटलेलें असूं शकतें. आंकडा हलला नाहीं. चाक वरून-खालून धरून हलविलें. बेअरिंगमध्यें ढिलाई असती तर सेन्सर व रिंग यांमधील फट कमीजास्त झाली असती. पण चाक घट्ट होतें. ती फट पातळ पट्टीनें मोजली. ती मिलिमीटरभर, म्हणजे यथायोग्य होती. सेन्सरच्या चुंबकी तोंडाला लोखंडाचा कीस चिकटलेला नव्हता.

पांचांपैकीं चौघे निर्दोष सुटले. आतां त्यानें खिशांत मावेल असा एक ऑसिलोस्कोप काढून सेन्सरच्या तारांस जोडला, आणि मला चाक हातानें फिरविण्यास सांगितलें. पडद्यावर लाटा उठूं लागल्या, प्रत्येक दांत्याची एक. चाक जलद फिरविलें कीं लाटा उंच आणि दाट होत. सावकाश फिरविलें कीं ठेंगण्या आणि विरळ. परंतु मधूनच एक लाट गळत होती, जणुं रांगेंतून एक मूल गैरहजर होतें.

"आतां टायरवर खडूनें खूण करा, सर," तो म्हणाला. मीं खिशांतील खडूनें खूण केली. (शिक्षकाच्या खिशांत खडू असावयाचाच.) लाट गळली तेव्हां खूण बरोबर वर होती. पुढच्या फेरींतहि वर. त्याच्या पुढच्याहि. दहा फेऱ्या झाल्या, आणि दहाहि वेळां उणीव एकाच जागीं आली.

"तार तुटकी असती तर लाटा केव्हांहि गळाल्या असत्या," तो मुलांस सांगूं लागला. "सेन्सर मेला असता तर एकहि उठली नसती. उणीव दर फेरीला त्याच जागीं येते, म्हणजे जी वस्तु फिरते तिच्यांतच दोष आहे. जी स्थिर आहे तिच्यांत नाहीं." एवढें बोलून तो बॅटरी आणि लहान आरसा घेऊन खालीं वांकला. ब्रशानें चिखल व ग्रीस काढलें, आणि आम्हां सर्वांस आरशांत दाखविलें. आंसावर घट्ट बसविलेल्या त्या दांत्यांच्या रिंगेस एके ठिकाणीं आरपार चीर गेली होती. चिरेंत अंगठ्याचें नख सहज शिरत होतें. रिंगेखालीं आंसावर गंज चढला होता. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. तो खालून फुगत गेला आणि त्यानें वरची रिंग फोडली. भिंतीवरच्या पिंपळाच्या मुळ्या भिंत फोडितात, तशी. अंगणांतल्या त्या खाऱ्या वाऱ्याचें हें काम होतें.

आतां माझ्या कोड्याचाहि उलगडा झाला. नवा सेन्सर बसवितांना यंत्रांतील नोंद पुसली गेली, म्हणून दिवा विझला. दोष गेला म्हणून नव्हे. दिवा लागलेला असतां ही योजना बंद असते, त्यामुळें मोटार साध्या ब्रेकनें थांबत होती. दिवा विझविल्यावर तीच योजना खोट्या वर्दीवर काम करूं लागली. एका दांत्याची वर्दी चुकली कीं संगणकास वाटे, डावें चाक जखडलें. आणि तो बिचारा कर्तव्यदक्षपणें ब्रेकचा दाब सोडी. म्हणजे त्या सकाळीं मोटार पुढें सरकली ती दिवा लागला नाहीं म्हणून नव्हे, तर कारण न शोधतां मीं तो विझवून घेतला म्हणून! गॅरेजवाल्याला दोष देण्यास माझें मन धजेना. त्यानें घाईनें निदान केलें हें खरें, पण त्या घाईचें कौतुक मींच केलें होतें.

"मग थरथर थांबतां थांबतांच कां होते?" एका मुलानें विचारलें. माझ्या विद्यार्थ्यानें त्यालाच हिशेब घातला. रिंगेस दांते ४८. चाकाचा परीघ १.८ मीटर. मोटार ताशीं १० किलोमीटर वेगानें चालली, तर सेकंदास किती दांते सेन्सरपुढून जातील? नववींतला एक मुलगा तेथेंच दगडावर बसून वहींत हिशेब करूं लागला, आणि आम्ही बोटें मोजीत होतों तोंच म्हणाला, "सुमारें चौऱ्याहत्तर, सर." उत्तर बरोबर होतें. दोन दांत्यांमध्यें सेकंदाचा चौऱ्याहत्तरावा भाग. एक दांता चुकला कीं तो काळ दुप्पट, आणि संगणकास चाकाचा वेग एकाएकीं निम्मा झालासा वाटतो. वेग मोठा असला म्हणजे ही उणीव इतकी क्षणिक असते कीं संगणक ती बहुधा सोडून देतो.

हिशेब पाहण्यासाठीं मीं त्या मुलाची वही हातांत घेतली. त्या वहीविषयीं पुढें सांगतों.

मुलें अजून हालत नव्हतीं, म्हणून मीं कपाटांतून तो जुना, 'गेलेला' सेन्सर आणि प्रयोगशाळेंतील गॅल्व्हानोमीटर आणविला. तारा जोडल्या, आणि सेन्सरच्या तोंडाजवळून एक लोखंडी पाना झपकन सरकविला. कांटा हालला. पाना मागें नेला. कांटा उलट हालला. सेन्सर जिवंत होता! वेटोळ्यांतील चुंबकी क्षेत्र बदललें कीं त्यांत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅराडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें, आणि दहावीच्या वर्गांत तोच कांटा मी दर वर्षीं हालवून दाखवितों. माझ्याच मोटारीच्या चाकांत हा प्रयोग रात्रंदिवस चालला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ज्याला मीं बत्तीसशें रुपये देऊन हद्दपार केलें, तो आपलें काम चोख करीत होता. दांता तुटलेला त्याला जसा दिसला, तसा त्यानें सांगितला. आणि सांगणाऱ्यालाच आम्हीं शिक्षा केली.

दुरुस्ती थोडक्यांत सांगतों. रिंग सुटी मिळाली. किंमत चारशें वीस रुपये. घेतांना दांते दोनदां मोजले, कारण एक दांता कमीजास्त झाला तरी तें चाक संगणकास जन्मभर वेगळ्याच गतीनें फिरतांना दिसेल. आंसावरील गंज तारेच्या ब्रशानें खरवडून धातु लख्ख केला, आणि रिंग तापवून, ती फुगली असतां आंसावर सरकविली; निवाल्यावर ती आपोआप आवळून बसली. लोहार बैलगाडीच्या चाकावर धांव चढवितो ती हीच विद्या. मंगळवारीं संध्याकाळीं क्रीडांगणावर पुन्हां फेऱ्या घेतल्या. चारी आंकडे एका पावलानें चालले, लाटांच्या रांगेंत सर्व मुलें हजर होतीं, आणि सावकाश वेगांत वारंवार ब्रेक दाबूनहि पेडल थरथरलें नाहीं.

आतां त्या वहीविषयीं. नववींतल्या त्या मुलाबद्दल माझें मत आधींच ठरून गेलें होतें. त्याच्या विज्ञानाच्या वहींत व्याख्या अर्धवट असत, कांहीं तर मुळींच नसत. 'लक्ष नाहीं' असा शेरा मीं तीन वेळां लिहिला होता. आणि त्याच्या वडिलांस बोलावण्यासाठीं लिहिलेलें पत्र, मुख्याध्यापकांच्या सहीची वाट पाहत, माझ्या टेबलाच्या खणांत पडलें होतें. परंतु ज्याचें लक्ष नाहीं तो मुलगा शनिवारच्या सुटींत दोन तास चिखलांत उभा राहत नाहीं, आणि असा हिशेब करीत नाहीं. मीं वही उलटून पाहिली. आकृति होत्या. उदाहरणें सगळीं होतीं. गाळलेल्या होत्या त्या फक्त व्याख्या. एका पानावर नव्हे, प्रत्येक पानावर. मी व्याख्या नेहमीं फळ्याच्या डाव्या भागांत लिहितों, आकृति मध्यें, आणि उदाहरणें उजवीकडे. टायरवरची खडूची खूण माझ्या डोळ्यांपुढें उभी राहिली. दर फेरीला उणीव एकाच जागीं येत होती.

सोमवारीं नववीचा वर्ग खेळास गेला असतां, विज्ञानाच्या तासाच्याच वेळीं, मी त्या मुलाच्या बांकावर जाऊन बसलों. समोरच्या खिडकींतून येणारा उजेड फळ्याच्या डाव्या भागावर असा पडत होता कीं, त्या बांकावरून तो भाग नुसता कांचेसारखा चकाकत होता. मींच लिहिलेलें अक्षर मला वाचतां येईना. फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकास ती चकाकी दिसत नाहीं, आणि इतर बांकांवरहि ती फारशी जाणवत नाहीं.

मधल्या सुटींत मीं त्याला बोलावून विचारलें, "अरे, दिसत नव्हतें तर सांगितलें कां नाहींस?"

तो खालीं पाहत म्हणाला, "दोनदां सांगितलें होतें, सर. तुम्ही म्हणालां, बोलूं नकोस, फळ्याकडे लक्ष दे."

मला तें आठवत नव्हतें. पण मीं तसें म्हटलें असेन याविषयीं मला शंका नाहीं. त्याच दिवशीं खिडकीला पडदा लावविला, पत्र फाडलें, आणि तिन्ही शेरे माझ्या हातानें खोडून त्याखालीं सही केली. वर्गासमोर मीं त्या मुलाची क्षमा मागितली. फाटकाशीं एका मुलीनें माझी क्षमा मागितली होती, ती चुकीच्या बाजूनें आली होती. तिचें ऋण अंशतः तरी असें फेडलें गेलें, असें मला वाटतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येक पुढें यंत्रें दुरुस्त कराल, कित्येक माणसें. दिवा लागला म्हणजे तो विझविण्याची घाई करूं नका. तो काय सांगतो तें आधीं लिहून घ्या, आणि तक्रार ज्याच्या तोंडून आली तोच अपराधी, असें धरून चालूं नका. आणि पालकांस माझी एक विनंति आहे. आमच्या लाल शाईचा शेरा घरीं आला, तर मुलास बोल लावण्यापूर्वीं त्याच्या वहींतील उणीव कोठें कोठें येते तें शांतपणें पाहावें. आणि ती एकाच जागीं येत असेल, तर निःसंकोच आमच्याकडे यावें. स्कॅनरप्रमाणेंच आम्हां शिक्षकांनाहि गल्ली तेवढी दिसते. घर शोधावें लागतें.

तो जुना सेन्सर अजून प्रयोगशाळेंतच आहे. दहावीच्या वर्गास फॅराडे शिकवितांना आतां त्याचाच उपयोग करितों. त्याला एक चिठ्ठी बांधलेली आहे; तिच्यावर त्या नववींतल्या मुलानें आपल्या सुवाच्य अक्षरांत लिहिलें आहे, 'निरपराध'.

— एक विज्ञानशिक्षक